बघणाऱ्याचं वजन

ठाण्यात दहीहंडी बघायची तर आधी मानेची तयारी हवी. नऊ थर म्हणजे 40 फुटांच्या वर, आणि आपण त्यांच्या पायथ्याशी, घामेजलेल्या गर्दीत, पुढच्याच्या छत्रीची काडी डोळ्यात जाणार नाही ना एवढं सांभाळत उभे. काही वर्षांपूर्वी असाच उभा होतो. एका पथकाने आठ थर लावले. सुरेख लागले. सगळ्यात वरच्या पोराने हात उंचावून सलामी दिली, थर शिस्तीत उतरले, आणि मंचावरच्या निवेदकाने माईकवरून विचारलं, "काय ठाणेकर, नऊ बघायचेत की नाही?" हजारो तोंडांतून एकदम "हो" आला. त्यात माझाही होता.

पथक पुन्हा जमलं. सातव्या थरापर्यंत पोरं चढली आणि मधेच कुठेतरी एक गुडघा वाकला. वरचे सगळे खाली आले. बऱ्याच जणांना खालच्यांनी झेललं. पण एका मुलाला उचलून रुग्णवाहिकेकडे नेताना त्याचा हात भलत्याच कोनात लोंबत होता. आम्ही "अरेरे" म्हणालो. मिनिटभरात डीजे सुरू झाला, पुढच्या पथकाचं नाव पुकारलं गेलं आणि मी चहा प्यायला बाजूला झालो. चहा चांगला होता, हेही सांगून टाकतो. नववा थर मागितला कुणी, हा प्रश्न मला पडला तो रात्री, अंथरुणावर.

दहीहंडीवरचा वाद काही नवा नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 20 फुटांची मर्यादा घातली आणि 18 वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2016 मध्ये तिथे 20 फूट कायम राहिले. 2017 मध्ये उच्च न्यायालयात उंचीची अट सुटली, 14 वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही एवढी हमी राज्य सरकारने दिली. 2022 मध्ये सरकारने याला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांच्या विम्याची घोषणा झाली. दरम्यान थर वाढतच राहिले. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून 43.79 फुटांचा विक्रम गिनीज बुकात नोंदवला होता. 2025 मध्ये कोकण नगरच्या पथकाने ठाण्यातच दहा थर लावून दाखवले. आणि दरवर्षी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, दह्याने माखलेल्या फोटोंच्या खाली, जखमींचा आकडा असतोच. मुंबईतला हा आकडा शेकड्यांत मोजायचा असतो.

या सगळ्या भांडणात संस्कृती रक्षणवाले होते, बालहक्कवाले होते, आयोजक, पथकं, वकील, पोलीस, महापालिकेची रुग्णालयं, सगळे होते. नव्हतो तो मी. म्हणजे फुटपाथवर उभा राहून मान मागे टाकणारा माणूस. माझी बाजू कुणी मांडली नाही आणि माझ्यावर कुणी आरोपही केला नाही. मी जणू पाऊस असावा तसा गृहीत धरलेला. खरं तर सगळा व्यवहार माझ्यावर उभा आहे. हंडीभोवती ज्यांचे चेहरे फ्लेक्सवर झळकतात त्यांना लोण्याशी देणंघेणं नाही, त्यांना माझे डोळे हवे असतात. बक्षिसाची रक्कम थरांच्या हिशेबाने ठरते, आणि थर मी मागतो.

आपल्या भाषेला हे फार आधी कळलेलं आहे. "पोलिसांनी बघ्याची भूमिका घेतली" असं वाक्य मराठी पेपरात आठवड्यातून एकदा तरी येतं. बघणं ही तिथे भूमिका आहे, आणि ती घेतल्याबद्दल जाब विचारला जातो. पोलिसाला विचारतो तो जाब आपण स्वतःला विचारत नाही, कारण आपण "नुसते बघत" असतो. हे "नुसते" मला आता खटकतं.

माझे सासरे गिरगावात चाळीत वाढले. त्यांच्या लहानपणीची हंडी दोन चाळींच्या मधे, दुसऱ्या मजल्याच्या कठड्याच्या उंचीवर बांधलेली असायची. चार थर, फार तर पाच. बघणारे गॅलरीत, आणि प्रत्येकाच्या हातात बादली, तांब्या, निदान पिंपात बुडवून भरलेलं पातेलं. खालची पोरं चढायला लागली की वरून पाणी. पाण्याने पाय सटकायचे, पोरं घसरायची, पुन्हा चढायची. सासरे सांगतात, जी काकू सगळ्यात नेमाने पाणी ओतायची तीच संध्याकाळी सोललेल्या गुडघ्यांना हळद लावायची, वर दोन शिव्या हासडून. वर चढलेला पोरगा कुणाचा, काल रात्री तो तापाने फणफणला होता का, परीक्षेत कुठल्या विषयात गचकला, हे बघणाऱ्याला ठाऊक असायचं. ज्याचं नाव ठाऊक आहे त्याच्याकडे नववा थर मागायला जीभ उचलत नाही.

चाळीचे गोडवे गायची आपल्याकडे एक खोड आहे, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगतो. हात तेव्हाही मोडायचे. आणि त्या गॅलरीत बादली घेऊन उभ्या असलेल्या मुलींना खाली उतरून खांदा द्यायची मुभा नव्हती. त्यांनी बघायचं, हे आधीच ठरलेलं. आज महिलांची गोविंदा पथकं आहेत, त्या पाच-सहा थर लावतात, तेव्हा गॅलरीतली ती जुनी मुलगी कुठेतरी खाली उतरली आहे असं वाटतं. बघ्याची जागा काहींनी निवडलेली असते आणि काहींना दिलेली असते, हा फरक विसरून चालणार नाही.

माझं स्वतःचं बघण्याचं शिक्षण झालं कोल्हापुरात. आमचं गाव तिथून तासाभरावर. आबा, म्हणजे माझे वडील, चौथी नापास. कुस्तीचं मैदान असलं की शेतातलं काम आदल्या दिवशी उरकून मला सायकलच्या नळीवर बसवून एसटी स्टँड गाठायचे. खासबाग मैदान मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुस्तीपेक्षा मैदानानेच गार झालो. शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोममधलं प्राचीन रंगण बघितलं आणि परतल्यावर तसं मैदान कोल्हापुरात बांधायचं मनावर घेतलं. 1912 मध्ये ते उभं राहिलं. उभं राहिलं म्हणणं चूकच, कारण ते खोल आहे. मधे लाल मातीचा हौद, भोवती चढत जाणारी गोल बैठक, नजर अडवणारा एकही खांब नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाच्या पाठीला लागलेली माती दिसावी, एवढ्या एका हेतूने केलेलं ते बांधकाम आहे.

राजाने आपल्या रयतेच्या नजरेचा एवढा विचार करावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आणखी एक गोष्ट वाटते. रोमच्या रंगणातला प्रेक्षक हा पडलेल्या माणसाच्या जिवाचा मालक होता. महाराजांनी इमारतीची कल्पना आणली, ती मालकी तिथेच ठेवून आले.

खासबागेत बसलेला माणूस करतो काय? तो पारखतो. हलगी घुमायला लागली, शड्डू वाजले, खडाखडी झाली, की पहिल्या दोन मिनिटांत आजूबाजूचे म्हातारे आपसांत बोलायला लागायचे. हा डाव्या पायावर भार देतोय. त्याचा दम छातीत आहे, पोटात नाही. दोघं नुसते एकमेकांना ढकलत राहिले तर मैदानातून आरोळी यायची, "नूरा आहे, नूरा!" ठरवून खेळलेली कुस्ती आबांना शिवीसारखी लागायची. निकाली कुस्ती झाली की जिंकलेला पैलवान मैदानाला चक्कर मारायचा आणि लोक त्याच्या हातात नोटा ठेवायचे. आबांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात दहाच्या चार-पाच नोटा त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या असत. एसटीचं भाडं खालच्या खिशात, ते मोडायचं नाही. एकदा त्यांनी हरलेल्या पोराला बोलावून नोट दिली. मी विचारलं, तर म्हणाले, "त्यानं धरली म्हणून ती कुस्ती झाली. नायतर काय, एकट्यानं जिकतोय व्हय?"

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यांचं उठून उभं राहणं. एका कुस्तीत खालच्या पोराची मान वरच्याच्या काखेत अशी अडकली की आम्हा पोरांना मजा वाटत होती. आबा ताडकन उठले आणि ओरडले, "पंच, सोडवा! मान गेली!" त्यांच्या आगेमागे पंधरा-वीस जण उठले होते. पंचांनी कुस्ती सोडवली. आबांना ते दिसलं कारण त्यांना कुस्ती कळत होती. संगीताच्या मैफलीवाले "गर्दी नको, दर्दी हवेत" असं म्हणतात तेव्हा त्यात मला बऱ्याचदा शिष्टपणाचा वास येतो. आबांना पुस्तक वाचता येत नव्हतं. माणसाचं शरीर कुठे मोडू शकतं हे मात्र त्यांना शेवटच्या रांगेतून वाचता यायचं. माझ्या लेखी दर्दी तो. ठाण्याच्या त्या हंडीखाली मी उभा होतो तेव्हा मला थरांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. गुडघा वाकायच्या आधी थरात काहीतरी हललं असणार, लय चुकली असणार. माझ्या शेजारचा, बहुधा एखाद्या पथकात खेळलेला, माणूस "गेले, गेले" असं पुटपुटला होता. मी तेव्हा मोबाइलमध्ये चौकट जुळवत होतो.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही. नाट्यगृहात तो वाजला म्हणून प्रयोग थांबवणारे नट आपण बघितले आहेत आणि त्यावर लेखही पुष्कळ झालेत. माझं एवढंच म्हणणं की त्या दिवशीची चित्रफीत माझ्याकडे आजही आहे आणि पोरं पडतात त्या क्षणी तिच्यात आभाळ दिसतं, कारण माझा हात दचकला. इतक्या महागाच्या यंत्रातून मी तो प्रसंग चुकवला.

रंगभूमीवर नट आपल्याला "मायबाप" म्हणतो. खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. तेही शाहू महाराजांनीच बांधवलेलं, आधीचं नाव पॅलेस थिएटर. कुस्ती बघणाऱ्यासाठी एक आणि नाटक बघणाऱ्यासाठी एक, अशी दोन घरं शेजारी शेजारी. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आणि कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. त्यांतल्या कित्येकांनी त्या रंगमंचावर कधी पाऊलही ठेवलं नसेल. ते खुर्चीत बसायचे, एवढंच त्यांचं नातं. खुर्चीत बसण्याचं नातं इतकं खोल जाऊ शकतं.

मायबाप म्हटल्यावर मागणीही मायबापाची यायला हवी ना? 12 मार्च 1911 ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला, बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले आणि गायले. ही कथा आपण कलानिष्ठेचा आदर्श म्हणून पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. ती आदर्श आहेच, पण त्या कथेत नाट्यगृहात बसलेले लोक मला नेहमी अंधारात दिसतात. त्यांना ठाऊक असतं तर ते उठून गेले असते का? की तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत म्हणाले असते? आता कळायला मार्ग नाही. दुसरी कथा तमाशातली. विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेल्या असताना फडावर नाचत होत्या, मधेच कळा आल्या म्हणून आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगितलं जातं. त्यांचं पोट सपाट दिसल्यावर बघणाऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच तमाशा थांबवायला लावला. ही कथा सांगणारे विठाबाईंच्या हिमतीवर थांबतात. मी त्या शिट्ट्या मारणाऱ्या माणसांपाशी थांबतो. एक तर त्यांच्या धाकाने बाई पुन्हा उभी राहिली, हे विसरता येत नाही. आणि मग त्याच माणसांना ते दिसलं, समजलं, आणि त्यांनी मागणी मागे घेतली. तमाशाच्या तंबूतल्या लोकांना एवढं जमलं.

1911 च्या प्रेक्षकाला निदान ठाऊक नव्हतं. आपल्याला ती सबब नाही. जखमींचा आकडा आपल्याला गेल्या वर्षीचाही पाठ असतो आणि तरी निवेदकाने विचारलं की "हो" येतोच.

प्रेक्षकाने गुमान टाळ्या वाजवाव्यात असं मात्र माझं मुळीच म्हणणं नाही. नापसंती दाखवणं हा त्याचा जुना हक्क आहे. वानखेडेवर मार्च 2006 मध्ये, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत, एक धाव काढून परतणाऱ्या सचिन तेंडुलकरची काही लोकांनी हुर्यो उडवली होती. घरच्या मैदानावर, घरच्या देवाची. देशभर केवढा गहजब झाला! मला त्यात तेव्हाही फार वावगं वाटलं नाही. पदरमोड करून, उन्हात बसून एक धाव बघितलेला मुंबईकर चिडणारच, आणि खेळावर चिडणं हा खेळाचाच भाग. 2024 च्या एप्रिलमध्ये त्याच मैदानावर हार्दिक पंड्याला नाणेफेकीपासून हुर्यो मिळत होती, इतकी की संजय मांजरेकरांनी माईकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं. ती हुर्यो मला नाही पटली. त्याने अजून चेंडू टाकला नव्हता, बॅट धरली नव्हती. मुंबई इंडियन्सचं कर्णधारपद रोहित शर्माकडून काढून हार्दिकला द्यायचा निर्णय कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत झाला होता, आणि शिक्षा मैदानात एकट्या सापडलेल्या माणसाला. आबांच्या भाषेत सांगायचं तर शड्डू ठोकायच्या आधीच "नूरा" ओरडण्यासारखं झालं ते. अर्थात तीन महिन्यांत, विश्वचषक जिंकून आल्यावर, त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. गर्दीला लाज वाटल्याची काही खूण दिसली नाही.

त्याच दिवशी, 4 जुलै 2024 ला, मरीन ड्राइव्हवर लोक इतके लोटले की दुसऱ्या सकाळी सफाई कामगारांना रस्त्यावर चपला-बुटांचे ढीग उचलावे लागले. त्या ढिगांचे फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो. चप्पल निसटली तर वाकून उचलता येऊ नये, एवढी जागा माणसाच्या वाट्याला आलेली. मुंबईत त्या संध्याकाळी निभावलं. 4 जून 2025 ला बंगळुरात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर निभावलं नाही. आयपीएल जिंकलेल्या बंगळुरू संघाचा विजयोत्सव बघायला आलेले 11 जण चेंगरून मेले.

आणि खारघर. 16 एप्रिल 2023. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, लाखो श्रीसदस्य, म्हणजे पुरस्कार मिळालेल्या अप्पासाहेब धर्माधिकारींचे अनुयायी, जमलेले, व्यासपीठावर छत, समोरच्या माणसांवर एप्रिलचं दुपारचं ऊन. उष्माघाताने 14 माणसं गेली. ही माणसं थरार बघायला आलेली नव्हती, श्रद्धेने आली होती, शिस्तीने बसली होती. इतक्या शिस्तीने की उठून सावलीला जाणं त्यांना बेशिस्त वाटलं असेल. जायचं म्हटलं तरी एवढ्या गर्दीतून जाणार कुठे? नंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत असं जाहीर केलं. ते ठीक. पण आकाशातून घेतलेली त्या गर्दीची छायाचित्रं ज्या कौतुकाने आधी दाखवली जात होती ती आठवली की अजून राग येतो. व्यासपीठाला ती माणसं बघणारी म्हणून नको होती, दिसणारी म्हणून हवी होती. मागच्या रांगांतून व्यासपीठ काडीएवढंही दिसत नसणार. ज्याला काही दिसत नाही, ज्याचं मत कुणी विचारत नाही आणि ज्याला उठून जाता येत नाही, तो कार्यक्रमाचा प्रेक्षक कसला? तो कार्यक्रमाचा पडदा झाला, मागे टांगलेला. महाराष्ट्रातल्या मोठ्या मैदानांवरच्या सभांना ट्रक भरून आणलेल्या माणसांचं हेच होतं आणि आपण त्याला "विराट जनसमुदाय" म्हणतो.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बघणाऱ्याच्या डोक्यावर जबाबदारी टाकली की आयोजक अलगद सुटतो, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो खोटा नाही. खारघरला बघणाऱ्याचा काडीचा दोष नव्हता. सावली, पाणी, बाहेर पडायची वाट देणं हे बोलावणाऱ्याचं काम. त्यात कसूर झाली तर शिक्षा त्यालाच हवी. पण बघणाऱ्याला नुसता बळी मानलं की तो हाताशी असलेली गोष्टही वापरत नाही. आणि दहीहंडीच्या रस्त्यावर आपल्या हाताशी बरंच काही असतं.

आमच्या सोसायटीत राहणारा एक मुलगा एका पथकात तिसऱ्या थराला असतो. त्याला मी हे सगळं ऐकवलं. वाटलं होतं, तो मान डोलावेल. तो हसला. म्हणाला, "काका, तुम्ही ओरडता ना, तेव्हाच पाय थरथरायचे थांबतात. सरावाला रात्री अकरा वाजता शाळेच्या पटांगणात कुणी नसतं, तेव्हा तेच थर जास्त जड लागतात." मी गप्प झालो. म्हणजे बघणाऱ्याचं वजन थरांवर पडतं तसं थरांना ते पेलूनही धरतं. त्याला मी विचारलं, मग नको काय? त्याने क्षणभर विचार केला. "चढताना डीजे नको. सरांची शिट्टी ऐकू येत नाही. आणि उतरताना लोक बघतच नाहीत. खरं अवघड उतरणंच असतं."

हे ऐकून मला कॅटलोनिया आठवला. स्पेनच्या त्या प्रांतात दोनशे वर्षांपासून माणसांचे मनोरे रचतात, त्यांना 'कास्तेल' म्हणतात. युनेस्कोने 2010 मध्ये त्यांना सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या पथकांसारखंच तिथेही सगळ्यात वर लहान मूल चढतं. 2006 मध्ये तिथे एका लहान मुलीचा पडून मृत्यू झाला, त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. मनोऱ्याचा पाया म्हणजे छातीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसांचा मोठा गोल घोळका, आणि चौकात नुसतं बघायला आलेल्या माणसालाही त्यात हात लावायला बोलावतात. कुणी वरून पडलं तर त्याच घोळक्यावर पडतं. आणि दुसरी म्हणजे, मनोरा रचला की काम संपत नाही. रचला पण उतरताना कोसळला, तर त्याची किंमत कमी. रचून सुखरूप उतरवला तर पूर्ण. लोकही ते जाणून श्वास धरून असतात, शेवटचा माणूस जमिनीला लागेपर्यंत.

आपल्याकडे हे करायला न्यायालयाची गरज नाही, अधिसूचनेचीही नाही. सलामीला टाळी द्या, जरूर द्या, पण मोठी टाळी राखून ठेवा. वरचं पोर जमिनीवर उभं राहिलं की द्या. निवेदकाने "अजून एक पाहिजे का" विचारलं की ते पथकाला विचार म्हणून सांगा, नाहीतर निदान गप्प बसा; हजार माणसं एकदम गप्प बसली तर माईकवाल्याला फार जड जातं. आयोजकांनी बक्षीस उतरलेल्या थरांवर द्यावं, लागलेल्या थरांवर देऊ नये. आणि थर चढत असताना डीजे बंद. आपण ज्या हंडीखाली उभे असू तिथे हे मागायला सुरुवात केली तर ज्यांना आपले डोळे हवे आहेत त्यांना ते ऐकावं लागेल, कारण आपण पुढच्या नाक्यावर निघून जाऊ शकतो. खारघरच्या माणसांना ते शक्य नव्हतं. आपल्याला आहे.

हे सगळं मनात पक्कं करून मी गेल्या गोपाळकाल्याला गेलो. पाऊस भुरभुरत होता. मुलींच्या एका पथकाने सहा थर लावले. वरची बारकी पोरगी गुडघ्यांवर तोल सावरत उभी राहिली, सलामी दिली, सगळा रस्ता उसळला, मीही ओरडलो. मग ती उतरायला लागली. एकेक थर, खालच्या मुलीच्या खांद्यावर पाय, मग कमरेला हात, मग पुन्हा खांदा. वेळ लागत होता. एवढ्यात पुढच्या नाक्यावर एक मोठं पथक नऊ लावायला उभं राहिल्याची बातमी आली आणि लोक तिकडे सरकायला लागले. माझा शेजारी म्हणाला, "चला, चला, जागा मिळायची नाही." मी दोन पावलं चाललो आणि मागे वळून बघितलं. पोरगी अजून तिसऱ्या थरावर होती. मग मधे कुणाची तरी छत्री आली.